तिचा डावा पाय, त्याचा उजवा हात

गाडीने असा गचका खाल्ला, की मागच्या सीटवर बसलेल्या शिजीच्या हातातली पळमपोरी सुटली आणि केळ्याचा तो तळलेला तुकडा थेट पुढे, गिअरच्या दांड्यापाशी येऊन पडला. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. ट्रीसाला आधी वाटलं, कुणीतरी मागून ठोकलं. मग तिने खाली पाहिलं. तिचा डावा पाय ब्रेकवर होता. अंगातला सगळा जोर लावून, ठेचून धरावा तसा ब्रेक तिने जमिनीपर्यंत दाबला होता. त्या जागी क्लच असायला हवा होता. या नव्या गाडीत क्लच नाही, डाव्या पायाला काही कामच नाही, हे गाडी दाखवायला आलेल्या शिजीने शोरूमपासून इथवर जपमाळ ओढावी तसं सांगितलं होतं. ट्रीसाला ते पटलंही होतं. पायाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि पाय एकटाच चुकला असता तर एक वेळ चाललं असतं. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याचा, सेव्यरचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर होता. इंजिनाचा आवाज चढला तसा तिचा पाय दाबायला गेला आणि त्याच क्षणी त्याच्या हाताने दांडा मागे ओढला होता. ठरवून केल्यासारखं. दांडा भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता आणि त्याच्या बुडाशी ती पळमपोरी.

"चेची, डावा पाय झोपवून ठेवा म्हटलं होतं ना मी!" शिजी पुढे वाकून म्हणाली. ट्रीसा तिची चेची, म्हणजे ताई, आणि सेव्यर चेट्टा, म्हणजे दादा. शिजीचा आवाज गोड होता, पण आता तो तळाशी थोडा करपला होता. "आणि चेट्टा, तुमचं काय चाललंय? तुम्ही त्या दांड्याला हातसुद्धा लावायचा नाही. ही गाडी एकट्याने चालवायची असते."

"सवय," सेव्यर म्हणाला. आजारानंतर त्याचे शब्द असेच येत, एकेक, उंबरठ्याशी जरा थांबून. त्याने पळमपोरी उचलली, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडात टाकली.

"कसली सवय?" शिजीने विचारलं. दोघं काय सांगणार होते? रांग पुढे सरकली. ट्रीसाने डावा पाय उचलून सीटखाली ओढून घेतला, एखादं अवखळ पोर पदराखाली धरून ठेवावं तसा, आणि एकट्या उजव्या पायाने गाडी जंकारच्या उताराकडे नेली.

गाड्या पलीकडे वायपीन बेटावर पोचवणारी ती सपाट बोट धक्क्याला लागली होती. लोखंडी फळीचा चढउतार भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतो. या फळीवर ट्रीसाची किती वेळा फजिती झाली होती. जुनी मारुती चढावर थांबायची, पुढची लॉरी हलायची नाही, क्लच अर्धा धरायचा, एका रेषेवर, गाडी ना पुढे ना मागे, नुसती थरथरत उभी. आणि मागे कुणीतरी इतकं खेटून उभं की आरशात फक्त त्याचे दात दिसावेत. ती रेष पायाला सापडायला केवढे दिवस लागले होते! तळव्याखाली कुठेतरी एक जागा असते, तिथे इंजिन हळूच कण्हतं आणि गाडी कुणी हाक मारल्यासारखी कान टवकारते. पुस्तकात ती जागा नाही. बोटाने दाखवता येत नाही. आज ही नवी गाडी त्याच चढावर आपली आपण उभी राहिली. मागे घसरली नाही, कण्हली नाही, काहीच नाही. ट्रीसाला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. आपण भांडी घासायला पदर खोचावा आणि सुनेने यंत्राकडे बोट दाखवावं, तसं.

"आज कोण चालवतंय?" जंकारवरच्या ज्यूडप्पनने खिडकीत डोकं घातलं. गाड्या लावून घेणारा हा म्हातारा दोघांना चांगला ओळखत होता. "अरे वा, नवीन नवरी! जुनीला सोडचिठ्ठी?"

"अजून काही ठरलं नाही, ज्यूडप्पा. बघायला आणलीय."

"बघा बघा. पण आता सेव्यरला काम काय राहिलं मग? नुसता भाड्याचा पाहुणा!" तो हसत पुढच्या गाडीकडे गेला. मघापासून ट्रीसाच्या मनात जे नीट आकार घेत नव्हतं ते त्याने येता-जाता बोलून टाकलं होतं.

गाडी त्यांच्या मुलीने, रिन्सीने ठरवली होती. ती आयर्लंडला नर्स आहे आणि नर्सा जसा विचार करतात तसा तिने केला होता: अप्पाची डावी बाजू गेली, उजवा पाय शाबूत आहे, क्लच नसलेली गाडी एका पायाने चालते, म्हणजे अप्पा पुन्हा गाडी चालवू शकतो. इतकं सरळ. डॉक्टरनेही तपासून लिहून दिलं होतं की आधी मोकळ्या रस्त्यावर, कुणाला तरी सोबत घेऊन चालवून पाहायला हरकत नाही. जुनी गाडी बदल्यात द्यायची, नवी घ्यायची, आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते शिजीला सांगायचं. "अम्मा, अप्पाला त्याचं आयुष्य परत मिळेल," रिन्सी फोनवर म्हणाली होती, आणि बोलता बोलता रडली होती. ट्रीसाही रडली होती. फक्त दोघींची रडण्याची कारणं वेगळी होती, आणि ट्रीसाला आपलं कारण मुलीला सांगता येण्यासारखं नव्हतं.

कारण त्याचं ते आयुष्य तिला माहीत होतं. सेव्यर औषध कंपनीचा माणूस. केरळच्या एका टोकाच्या कासरगोडपासून दुसऱ्या टोकाच्या पारश्शालापर्यंतचे सगळे दवाखाने त्याला पाठ. सोमवारी गाडीत बॅग टाकून निघायचा, कधी गुरुवारी यायचा, कधी शनिवारी. आला की शर्टाला पेट्रोलचा आणि परक्या गावच्या साबणाचा वास. घाट, पूर, संप, हत्ती आडवा आलेला रस्ता, सगळ्यातून एकट्याने गाडी काढणारा माणूस. घरातही तो असा बसायचा की जणू इंजिन चालूच आहे आणि कुणाची तरी वाट पाहतोय. रविवारी तिला चर्चला, तिच्या माहेरी आलप्पीला न्यायचा तेव्हा ती डावीकडे बसायची आणि घराजवळचा तोप्पुम्पडीचा पूल यायच्या आत झोपून जायची. वीस वर्षं ती त्या सीटवर झोपली. त्यात तिचा काय दोष; आठवडाभराचं घर, त्याची म्हातारी आई, शाळेतली नोकरी, आणि तो गाडी चालवायचाच असा, लोण्यातून सुरी फिरावी तशी. जाग यायची ती दारात. "उतरा बाईसाहेब," तो म्हणायचा. वीस वर्षांत गाडीत त्यांचं बोलणं झालं असेल ते एवढंच.

लायसन तिच्याकडेही होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी एकदा हौसेने ड्रायव्हिंग स्कूल लावलं तेव्हा तीही गेली होती. तिथे सगळा जीव त्या एचमध्ये. मैदानात खांब रोवलेले, मधून फीत, आणि त्या इंग्रजी अक्षराच्या आकारात गाडी पुढे-मागे न्यायची. मास्तरांनी खुणा पाठ करून घेतल्या होत्या: मागच्या काचेत अमका खांब दिसला की स्टीअरिंग पूर्ण फिरवा, तमका दिसला की सरळ करा. बायका खांबांकडे बघून पास व्हायच्या. ट्रीसा पहिल्या फटक्यात पास झाली, घरी मीन-करी आणि अप्पम झालं. दुसऱ्या दिवशी तिने गाडी गल्लीबाहेर काढली तर रस्त्यावर खांबच नव्हते. माणसं होती, बकऱ्या होत्या, बस होती. तिने बर्नार्डच्या दुकानापुढे गाडी बंद पाडली आणि चावी सेव्यरच्या हातात ठेवली. "मी आहे ना," तो म्हणाला. लायसन प्लास्टिकमध्ये घालून कपाटात गेलं ते तिथेच राहिलं. त्यालाही ते बरंच वाटलं असावं. तिलाही.

मग एका सकाळी ती पुट्टू वाफवत असताना सेव्यरच्या हातून कप पडला, आणि त्या कपाबरोबर त्याचा डावा हात, डावा पाय, अर्धं तोंड आणि सगळे शब्द पडले. हॉस्पिटल, एमआरआय, पुन्हा हॉस्पिटल. ते सगळं ट्रीसाला आता एका लांब पांढऱ्या ओसरीसारखं आठवतं, जिला दरवाजे नव्हते. घरी आल्यावर एर्नाकुलमला व्यायामाला न्यायचं ठरलं, आणि दर वेळी कुणाची तरी गाडी मागायची वेळ आली. दीर न्यायचे, पण गाडीत असा सुस्कारा सोडायचे की सेव्यर खिडकीकडे तोंड वळवून बसायचा. त्याच्या कानाची पाळी लाल झालेली तिला मागून दिसायची. एकदा ती पाळी पाहून ती घरी आली, कपाट उघडलं, लायसन बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दीरांना फोन करून सांगितलं की उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल.

पहिल्या दिवशी पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे अख्खं मट्टांचेरी हॉर्न वाजवत होतं. सेव्यरला दिसत होतं की ती काय चुकतेय. तो सांगायला बघत होता. पण "क्लच" हा शब्द त्याच्या तोंडातून निघेपर्यंत गाडी पुन्हा बंद पडलेली असायची. "क्ल," तो म्हणायचा, डोळ्यांत पाणी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, "क्ल..." आणि तिचा पाय सुटलेला. शेवटी त्याने बोलणं सोडलं. डावीकडे बसलेल्या माणसाचा उजवा हात गिअरच्या दांड्याशेजारी असतो ही गोष्ट जगात कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नाही. त्याचा तेवढाच हात उरला होता म्हणून ती त्याच्या लक्षात आली. त्याने दोन बोटांनी तिच्या डाव्या गुडघ्यावर टकटक केलं. दाब. तिने दाबलं. त्याने दांडा पहिल्यावर टाकला. मग तळहात तिच्या गुडघ्यावर ठेवून तो हळूहळू वर उचलला, धुक्यातून काही वर यावं तसा. सोड, हळू. तिने हाताबरोबर पाय वर आणला. गाडी पूल चढली. पलीकडे उतरल्यावर ती बाजूला थांबली आणि दोघं वेड्यासारखी हसत सुटली. त्याचं अर्धंच तोंड हसत होतं.

हे तात्पुरतं असायचं होतं. ती शिकली की ती एकटी चालवणार होती, आणि ती शिकलीही. पण तोवर टकटक करायचीही गरज उरली नव्हती. इंजिनाचा आवाज चढला की तिचा पाय खाली जायचा आणि त्याच श्वासात त्याचा हात फिरायचा. दुसरा, तिसरा, वळणावर पुन्हा दुसरा. हळूहळू त्याचे शब्दही परत आले, आधी गिअरचे आकडे, मग बाकीचे. "तिसरा," तो म्हणायचा. मग एकदा "तिसरा, आणि ते बघ, बगळे." मग त्याने तिला रस्ते सांगायला सुरुवात केली. इथे एका डॉक्टरने मला तीन तास बसवून ठेवलं होतं. इथे मी एकदा एकटाच रडलो होतो, आई गेली त्या वर्षी, तुला सांगितलं नव्हतं. गाडी चालवताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, म्हणून असेल. संसारातली वीस-पंचवीस वर्षं जी नुसती सोमवार ते शनिवार गेली होती, ती त्याने तिला रस्त्याच्या कडेने उचलून उचलून परत दिली. तिच्याकडे त्या दिवसांबद्दल बोलायला एकच शब्द होता, आणि तो शब्द कृतज्ञता असा निघाला तेव्हा तीच घाबरली. चर्चमध्ये कबुलीच्या जाळीपुढे ती कितीदा गुडघे टेकून बसली आणि दुसरंच काहीबाही सांगून उठली. नवऱ्याची अर्धी बाजू गेली त्याबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या बाईला फादर काय प्रायश्चित्त देणार होते?

जंकार मधोमध आली. पाण्यावर जलपर्णीची बेटं ओहोटीबरोबर समुद्राकडे चालली होती. इंजिन बंद होतं. एरवी इथे सेव्यर दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायचा, बोट हलली तरी गाडी सरकू नये म्हणून. आज शिजीने मागून हात घालून तो 'पी'वर, पार्किंगवर नेला होता आणि फोनवर बोलायला खाली उतरली होती. दोघंच उरली. सेव्यरचा उजवा हात त्याच्याच मांडीवर होता, उपडा. ट्रीसाने आज पहिल्यांदा त्या हाताकडे पाहिलं आणि तिला कळलं की आपण संध्याकाळी 'हो' म्हणालो तर या हाताला उद्यापासून काही काम नाही. आणि 'नाही' म्हणालो तर त्याच्या उजव्या पायाला आयुष्यभर नाही. गेलं सव्वा वर्ष ती तिरक्या नजरेने बघत आली होती. तिने ब्रेक लावला की त्याचा उजवा पाय चटईवर दाबला जायचा, तिने वेग घेतला की तोच पाय किंचित पुढे वाकायचा. त्या पायाने तिला कधी काही मागितलं नव्हतं. पण पाय बोलत नाही म्हणून त्याला काही नको असतं असं थोडंच आहे. ती मारे दीरांना फोन करून आली होती, त्याच्या कानाची पाळी बघून. आता त्याच्या पायाकडे बघायचं नाही म्हणजे कुठला न्याय?

"चालवायचीय तुम्हाला?" तिने विचारलं. समोरच्या लॉरीच्या पाटीकडे बघत.

त्याने मांडीवरचा हात उताणा केला, पुन्हा उपडा केला.

"हो," तो म्हणाला. आणि मग, "भीती वाटते."

"कसली? रस्ता मोकळा आहे तिकडे. डॉक्टर म्हणालेत..."

"रस्त्याची नाही गं." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू इकडे बसलीस की झोपशील."

वीस वर्षं. तोप्पुम्पडीच्या पुलाच्या आत. तिला वाटलं होतं की तो त्या वर्षांत एकटा असायचा तो सोमवार ते शनिवार. रविवारीही तो एकटाच होता, आणि त्याने ते ना कधी बोलून दाखवलं ना कधी तिला हलवून उठवलं. उलट, खड्डा आला की गाडी हळू करायचा. हे तिला आत्ता आठवलं. झोपेतही गाडी हळू झाल्याचं तिला कळायचं. त्याबद्दल कधी आभार मानले होते आपण? जाग आल्यावर पदर सावरायचा आणि म्हणायचं, पोचलो का.

"नाही झोपणार," ती म्हणाली.

"बघू."

शिजी परत मागे येऊन बसली, आणि पलीकडे उतरल्यावर ट्रीसा गाडी समुद्राच्या कडेने जाणाऱ्या नव्या रस्त्यावर घेऊन गेली. दुपारी तिथे काळं कुत्रं नसतं. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला दगडी बांध आणि त्यावर वाळत टाकलेली जाळी. तिने गाडी थांबवली, उतरली, फिरून त्याच्या दाराशी आली. एरवी ती हात देते. आज त्याने काठी टेकून 'मीच' म्हणत गाडीला वळसा घातला, बॉनेटवर उजवा हात टेकत टेकत, आणि स्टीअरिंगपाशी येऊन बसला. डावा हात त्याने उजव्याने उचलून स्टीअरिंगवर ठेवला. हात तिथे नुसता विसावला, कबुतर येऊन बसावं तसा. पकड त्यात नव्हती. उजव्या हाताने चाक धरलं, उजवा पाय ब्रेकवर गेला. पाठ ताठ झाली. शिजीने मागून बटण दाबायला सांगितलं, त्याने दाबलं, इंजिन सुरू झालं. सुरू झालंय हे कळायलासुद्धा कान द्यावा लागत होता.

"आता दांड्याच्या बाजूचं बटण दाबा, चेट्टा, आणि सरळ डीवर आणा, ड्राइव्हवर. झालं. बाकी गाडी बघून घेते."

सेव्यरने डाव्या हाताकडे पाहिलं. हात खाली आला, दांड्यावर पडला. बोटं मिटायला निघाली आणि अर्ध्यातच थांबली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. बटण इतकंसं, अंगठ्याएवढं. उजवा हात आडवा आणायचा तर चाक सोडावं लागत होतं, आणि चालत्या गाडीत ते जमणार नव्हतं. रिन्सीने पायाचा विचार केला होता, डॉक्टरने डोळ्यांचा आणि पायाचा, कंपनीने तर अख्ख्या जगाचा केला असेल. पण हा दांडा डावीकडे आहे आणि डावा हात बटण दाबू शकत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शिजीचाही चेहरा पडला. "थांबा हां, मी कंपनीत विचारते," ती म्हणाली, "त्याला काहीतरी बसवून मिळत असेल..." आणि पर्समध्ये फोन शोधू लागली.

सेव्यरची नजर समोर काचेवर खिळली होती. कानाची पाळी लाल व्हायला लागली होती.

ट्रीसा त्या पाळीकडे बघत होती. मग तिने खाली पाहिलं. तिचा स्वतःचा उजवा हात तिच्या मांडीवर होता, उपडा, दांड्यापासून वीतभर अंतरावर. इतका वेळ तो तिथे काय करत होता कोण जाणे. तिने दोन बोटांनी त्याच्या गुडघ्यावर टकटक केलं.

तो वळला. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि अर्ध्या तोंडावरून सुरू झालेलं हसू हळूहळू जरासं पलीकडेही गेलं.

"ब्रेक दाबलाय?" तिने विचारलं.

"दाबलाय. टाक."

तिने अंगठ्याने बटण दाबलं आणि दांडा डीवर आणला. हाताखाली एक बारीक टक् झालं, एवढंच. "अहो चेची," शिजी मागून म्हणाली, "पण ही गाडी एकट्याने..." आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. जरा वेळाने तिने पुन्हा हळूच विचारलं, "मग घ्यायची ठरली म्हणायचं का, चेट्टा?"

"हिला विचार," सेव्यर म्हणाला. "गिअर हिच्याकडे आहे."

समोरचा रस्ता पार दीपस्तंभापर्यंत रिकामा होता. ट्रीसाला जुनी मारुती आठवली, गल्लीत आंब्याखाली उभी, क्लचच्या रबरावर तिच्याच टाचेची झीज. ती जाईल. तिने दोघांना बोलायला शिकवलं होतं, तेवढं काम करून जाईल. ट्रीसाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते नुसतं भरून, भरतीचं पाणी फळीखाली येतं तसं, आवाज न करता. झोप तर मैलभर कुठे नव्हती.

"हो म्हणून सांग तुझ्या कंपनीला," ती म्हणाली. मग सेव्यरला, "चला."

पण तो निघेना. ब्रेकवर पाय तसाच ठेवून तो तिच्या पायांकडे बघत होता. तिने पाहिलं तर तिचा डावा पाय आपला आपणच चटईवर दाबलेला होता. गाडीत जिथे काहीच नव्हतं तिथे, थेट जमिनीपर्यंत.

"सोड आता," सेव्यर म्हणाला. "हळू."

तिने पाय हळूहळू वर आणला, त्याने शिकवला होता तसा, त्या रेषेपाशी क्षणभर थांबवून. त्याचा पाय ब्रेकवरून उचलला गेला. गाडी निघाली. धक्का बसला नाही.